उडत गेल्यास

आमच्या शेजारच्या नानांना गावाला निघालेला माणूस दिसला की राहवत नाही. परवा मी गुहागरला जायला स्कूटर बाहेर काढली, तर फाटकातून हाक आलीच.

"किती वेळ धरलायस?"

"तीन तास, नाना. जयगडला फेरीबोट वेळेवर मिळाली तर."

"उडत गेल्यास तेरा मिनिटं!" असं म्हणून ते समाधानाने आत गेले. मला मात्र वाटभर ती तेरा मिनिटं टोचत राहिली.

नाना एसटीचे निवृत्त कंट्रोलर. बत्तीस वर्षं त्यांनी स्टँडवरून गाड्या सोडल्या. आमदाराच्या मेव्हण्यासाठीसुद्धा गाडी मिनिटभर थांबवली नाही, असा त्यांचा लौकिक. आता गाड्या हातात नाहीत म्हणून शेजाऱ्यांना सोडतात. स्वतः विमानात जन्मात बसलेले नाहीत. नकाशावर दोरा ताणायचा, पट्टीवर मोजायचा, की झालं. विमान कुठलं धरायचं तेही ठरलेलं, पंख्याचं लहानसं. "मोठं विमान दारापर्यंत येतंय होय? शेवटच्या टप्प्याला शिंचं लहानच लागतं!"

माझ्या पुतणीला बघायला आंजर्ल्याची मंडळी आली, तेव्हा नाना न बोलावता हजर. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं, "मुलीला माहेर जवळ पडेल. उडत गेल्यास तेवीस मिनिटं." मुलाच्या वडिलांचा घास तोंडातच राहिला. आमच्याकडे विमान आहे अशी त्यांची समजूत झाली, आणि ती घालवताना माझ्या भावाला घाम फुटला. लग्न झालं, पण व्याही अजून मला बाजूला घेऊन विचारतात, "ते विमानाचं काय हो?"

गेल्या आठवड्यात नानांनी मला बोलावून एक पाकीट दिलं. आतल्या कागदावर ठळक अक्षरांत 'वेळापत्रक'. त्यांची एकुलती एक मुलगी, माधवी, कॅनडाच्या पार उत्तरेला एका वस्तीत नर्स आहे. तिथे रस्ता जात नाही, फक्त पंख्याचं विमान जातं. त्या वस्तीपासून आमच्या आळीपर्यंतचा एकेक टप्पा त्यांनी मांडला होता, मधे ताटकळण्याच्या वेळेसकट. एकूण चोपन्न तास.

"माधवी येतेय?" मी खुशीत विचारलं.

"येईल. मी गेल्यावर."

नानी गेल्या तेव्हा सगळे म्हणाले होते, ताटकळत ठेवू नये. संध्याकाळच्या आत उरकलं. माधवी तिसऱ्या दिवशी पोचली, तिला राख तेवढी दिसली. 'उरका' म्हणणाऱ्यांत मीही होतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

"चोपन्न तास. कोणी घाई करायची नाही," नाना कंट्रोलरच्या आवाजात म्हणाले. "मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बर्फवाल्याशी बोलून ठेवलंय. मेल्या, बघतोस काय? बर्फात सुरमई राहते, मी नाही राहणार?"

मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"नाना, तिथे वादळ झालं, विमान अडकलं, तर?"

"वादळाचे सहा तास धरलेत त्यात."

"आणि त्याहून उशीर झाला तर?"

नाना चष्मा पुसत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "बत्तीस वर्षांत कोणासाठी गाडी थांबवली नाही रे मी. ही एवढी थांबव. तिच्यासाठी."