कोणी मरत नसलेला पिक्चर

“कोनी मरते का, थे सांग आधी.”

कोणताही सिनेमा असो, नामदेवकाकांचा प्रश्न हा एकच. नट कोण, गाणी कशी, मारामारी आहे का, यातलं काही त्यांना नको असे. सहा फूट उंच, गव्हाचं पोतं एकट्यानं उचलणारा माणूस. आमच्या किन्हीराजा गावात कोणाच्या घरी साप निघाला की पहिली हाक यांनाच. पण पडद्यावर कोणी नुसतं खोकायला लागलं तरी काकांच्या कपाळावरच्या पिठातून घामाच्या रेघा उतरायच्या. पिठातून, कारण त्यांची आटाचक्की होती आणि ते बारा महिने भुवयांसकट पांढरे असत.

भीती स्वतःसाठी नव्हती, शांताकाकूंसाठी होती. काकूंच्या हृदयाची झडप अधू. म्हणून मूलबाळही होऊ दिलं नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं, यांना धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. डॉक्टर बोलून मोकळे झाले, काकांनी मात्र ते वाक्य जन्मभर डोक्यावर घेतलं. दारावरची बेल काढून टाकली. दिवाळीत गल्लीतल्या पोरांना लाडू देऊन फटाक्यांसकट शाळेच्या मैदानावर पिटाळलं. गावात कोणी वारलं की सांगायला येणाऱ्याला ते रस्त्यातच अडवत. मातीला तर जावंच लागे. मग काकूंना सांगायचं, “वाशीमले जाऊन येतो, चक्कीचा पट्टा आनाले.” आल्यावर आंघोळ आमच्या न्हाणीत. आम्ही भिंतीला भिंत लागून राहायचो, आणि आईनं त्यांच्यासाठी एक बादली वेगळीच ठेवली होती.

टीव्हीचा बंदोबस्तही असाच. मालिकांत दर आठवड्याला कोणीतरी मरतं, म्हणून मालिका बंद. बातम्या तर नकोच. उरलं पोरांचं चॅनल. “पोट्ट्यायचं असते थे. त्यात कोन मरते?” असं म्हणून काका निर्धास्त झाले. इथेच त्यांची चूक झाली.

त्या चॅनलवर शनिवार-रविवारी जपानी कार्टून पिक्चर हिंदीत लागायचे. डोळे बशीएवढे, केस निळे, आणि तोंडी आपल्या नेहमीच्या ऐकण्यातली हिंदी. जपानी म्हातारा नातीला ‘अरी बिटिया’ म्हणायचा आणि तोंड मिटल्यावरही दोन शब्द जास्त बोलायचा. भाताच्या गोळ्यांना बिनदिक्कत लड्डू म्हणायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. आमच्या घरी टीव्ही नव्हता, त्यामुळे मी रविवारी त्यांच्याकडेच असायची. काकूंना त्यातलं जेवण फार आवडे. “मायबाई, वाफ पाह्य व दीपे त्या भाताची! किती निगुतीनं जेवून राह्यली थे पोट्टी!”

पहिल्याच रविवारी दीपस्तंभ सांभाळणारा आजोबा अर्ध्या पिक्चरमध्ये गेला. काकांनी बटण दाबलं नाही, वायरच उपटली, आणि काकूंची नाडी धरून बसले. पुढच्या रविवारी कुत्रा गेला. जपान्यांच्या पोरांना कशाकशाची सवय असते कोण जाणे. पण पिक्चर बंद करायचं काकांच्या जिवावर आलं, कारण आठवड्यातून तेवढा वेळ काकू खळखळून हसायच्या. म्हणून त्यांनी एक व्यवस्था केली आणि माझ्या मानेवर जोखड आलं.

रविवारचा पिक्चर शनिवारी दुपारीही लागत असे. काकांनी कुठूनतरी एक जुना लहान टीव्ही आणून चक्कीत डब्यांच्या फळीवर ठेवला. शनिवारी शाळा सुटली की मी तिथे बसून पूर्ण पिक्चर बघायचा आणि निकाल द्यायचा. कोणी मरत नसेल तरच रविवारी काकूंना दाखवायचा. घरच्या टीव्हीचा रिमोट काका शनिवारी स्वतःच्या खिशात ठेवत, म्हणजे काकूंनी चुकून लावायला नको.

अडचण अशी की चक्की चालू असताना टीव्हीचा एक शब्द ऐकू येत नसे. कोण मेलं आणि कोण नुसतं झोपलं हे मला चित्रावरून ठरवावं लागे. मी दहा वर्षांची, आणि जात्याच घाबरट. माझ्या चुकीनं काकू मरतील या भीतीनं शुक्रवारपासूनच माझं पोट दुखायचं. शंका आली की मी सरळ ‘मरते’ म्हणून सांगून टाकायची. अशानं लागोपाठ चार पिक्चर नापास झाले. काकूंचं तोंड उतरलं. काका म्हणाले, “दीपे, काहून व इतले लोकं मरून राह्यले? नीट पाह्य ना जरा.”

पाचव्या शनिवारी समुद्रकाठच्या दोन भावांचा पिक्चर होता. धाकटा हरवतो, थोरला होडी घेऊन त्याला शोधून आणतो. शेवटी दोघं बर्फात एकमेकांना बिलगून झोपतात, सकाळ होते, धाकटा उठून चालू लागतो. थोरला झोपलेलाच. दमला असेल बिचारा, असं मी मनाशी घट्ट ठरवलं.

“कोनी मरते का?” काकांनी ओरडून विचारलं.

“नाही!” मी ओरडले.

काका इतके खूश झाले की त्यांनी मला पिठाच्या हातानं गूळ दिला.

रविवारी चक्की बंद, घर शांत. काकूंनी मुरमुऱ्यांचा चिवडा केला होता. पिक्चर सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला थोरला भाऊ हिंदीत स्वच्छ म्हणाला की वैद्यांनी त्याला पहिल्या बर्फापर्यंतचीच मुदत दिली आहे. मी चिवड्याची मूठ परत ताटलीत टाकली. काका माझ्याकडे बघत होते, पण माझ्या ‘नाही’च्या भरवशावर त्यांनी पिक्चर चालू ठेवला. मी काकूंकडे बघत होते. पुढचा दीड तास मी पडद्याकडे पाहिलंच नाही, काकूंच्या पदराखालची छाती वरखाली होते ना एवढंच बघत राहिले.

बर्फ पडायला लागलं. काकांनी रिमोट दाबला. त्याच्या फटींत पीठ गेलेलं, तो चालेना. वायर या वेळी कपाटामागे गेलेली. शेवटी काका उठले आणि हात पसरून टीव्हीपुढे उभे राहिले. सबंध टीव्ही झाकला गेला.

“झाला पिक्चर,” ते म्हणाले. “दोघंही भाऊ घरी गेले. जेवले. झोपले.”

त्यांच्या मागून धाकटा भाऊ हंबरडा फोडत होता. इकडे काकांच्या डोळ्यांतून पिठावर ओघळ येत होते.

“बरं झालं बापा,” काकू शांतपणे म्हणाल्या. “चल व दीपे, चहा मांडू.”

स्वयंपाकघरात गेल्यावर मला रडू फुटलं. चूक कबूल केली. काकूंनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाल्या, “थोरला मरते, माहीत हाय मले. कालच पाह्यला.”

“पण रिमोट तं काकाजवळ होता!”

“टीव्हीले बटन नसते का? तिकडे चक्की चालू असली का मी इकडे लावतो. आजोबाचाही पाह्यला, कुत्र्याचाही. लय रडून घेतलं.” त्यांनी चहात साखर टाकली. “अन् वाशीमच्या पट्ट्याचंही समजते मले. वर्सात नऊ पट्टे? चक्की हाय का आगगाडी?”

“मंग सांगत काहून नाही त्याइले?”

“सांगतलं तं त्याइले झोप येनार नाही. मले काही माहीत नाही असं वाटते, म्हनून निजते बिचारे. तू नोको सांगजो. घे शपथ.”

मी शपथ घेतली आणि पाळली. झडप अधू असलेल्या काकू त्यानंतर वीसेक वर्षं जगल्या. मी शिकले, वाशीमला नोकरीला लागले. मागच्या वर्षी काकांनी त्यांना वाशीमच्या दवाखान्यात आणलं तेव्हा डबा मीच पोचवत होते. एकदा काका औषध आणायला खाली गेलेले बघून काकूंनी मला जवळ बोलावलं. काकांचा स्वेटर कोणत्या पेटीत आहे, त्यांना कोणती डाळ पचत नाही, एकटं जेवायला बसले की ताट तसंच ठेवून उठतात तेव्हा कोणी तरी समोर बसायला हवं, हे सगळं त्यांनी घाई न करता सांगितलं. मग म्हणाल्या, “आता जा. थे येतीन.” तीन दिवसांनी त्या गेल्या.

तेराव्यानंतर मी काकांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते. अंगावर पिठाचा कण नव्हता, त्यामुळे ओळखूच येईनात. माझ्याकडे न बघता म्हणाले, “दीपे, डाक्टरनं मले समदं सांगतलं होतं. म्या तिले सांगतलं, गॅस झाला. थे म्हने, हो, गॅसच हाय.” त्यांनी गुडघ्यावरचं नसलेलं पीठ झटकलं. “तू जात होती तिच्यापाशी. तिले समजलं तं नोतं ना व? भेव तं नाही घेतलं तिनं?”

मला स्वेटर आठवला, डाळ आठवली.

“नाही काका,” मी म्हणाले. “काकूले काहीच माहीत नोतं.”

काका कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

“मंग येवढं येक काम जमलं बापा मले,” ते म्हणाले.