गुडघे नसलेला गुडघेतज्ज्ञ

एका जंगलात, मुलांनो, बहुतेकांना गुडघे होते आणि कुणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. मग वाघमहाराजांचे गुडघे दुखायला लागले. तेव्हापासून गुडघा हा जंगलातला महत्त्वाचा विषय झाला.

महाराजांचं वय झालं होतं. ते पूर्वीसारखेच दबा धरून बसायचे. पण झेप घ्यायला उठले की त्यांच्या गुडघ्यांतून कडकड आवाज यायचा. तो आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जायचा. हरणं शांतपणे निघून जायची. महाराज अर्धवट उठलेल्या अवस्थेत तसेच राहायचे.

"गुडघ्यांतली गादी झिजलीय," दरबारचे वैद्य डॉ. माकड म्हणाले. "हाडावर हाड घासतंय. याला संधिवात म्हणतात."

"उपाय काय?"

"उपायावर संशोधन करावं लागेल."

"मग करा."

"कुणावर करू? आपल्यावरच सुरुवात करायची का?"

महाराजांनी डॉ. माकडांकडे नुसतं पाहिलं.

"प्रजेवर करू या," डॉ. माकड म्हणाले.

अशा रीतीने गुडघा संशोधन केंद्र निघालं. संचालक म्हणून अजगराची नेमणूक झाली. काही प्राण्यांनी कुजबुज केली, की अजगराला तर गुडघेच नाहीत. महाराजांनी खुलासा केला. "ज्याला गुडघे आहेत, तो स्वतःच्या गुडघ्यांचं भलं बघणार. आम्हाला निःपक्षपाती माणूस हवा." अजगर माणूस नव्हता, पण तेवढं चालवून घेण्यात आलं.

केंद्र टेकडीच्या माथ्यावर होतं, कारण अजगरसाहेबांना उन्हाने तापलेला खडक लागायचा आणि तसा खडक तिथेच होता. रुग्णांना तिथवर चढून यावं लागे. रुग्ण लंगडे असत, ही अडचण उद्घाटनानंतर लक्षात आली.

आणखी एक नियम होता. केंद्रात नाव घातलेल्या रुग्णाला महाराज खाणार नाहीत. बरा होईपर्यंत.

आता या जंगलात अंबूकाकू नावाची एक नीलगाय होती. ती कळपाची पुढारी होती. उन्हाळ्यात ओढा आटला की कळपाला खिंडीतून पलीकडच्या नदीवर न्यायचं काम तिचं. कुठे थांबायचं, कुठे पळायचं, हे तिला कळायचं. इतरांना ती पळाली की कळायचं.

एका सकाळी कळप ओढ्यावर पाणी पीत होता. करवंदीच्या जाळीमागे कडकड झालं. कळप उधळला. अंबूकाकूही पळाली. मग तिने मागे पाहिलं, तर तिच्या नणंदेचं वासरू पाण्यातच उभं होतं आणि स्वतःच्या पडछायेकडे बघत होतं.

काकू गर्रकन वळली. तिचा मागचा पाय दोन दगडांत अडकला होता. अंग वळलं, पाय वळला नाही. गुडघ्यात टच् झालं.

तरी तिने तीन पायांवर जाऊन वासराला ढुशी दिली आणि त्याला काठावर काढलं. महाराजही जाळीतून बाहेर पडले होते. दुखऱ्या गुडघ्यांची ती शर्यत होती. काकूचा एकच दुखत होता, म्हणून ती जिंकली.

संध्याकाळपर्यंत गुडघा कवठाएवढा सुजला. पाय टेकला की आतून निसटल्यासारखं वाटे.

नणंद रखमा भेटायला आली. वासराला वाचवलं म्हणून ती रडली. मग डोळे कोरडे झाल्यावर म्हणाली, "वहिनी, एक विचारू? खिंडीतून चालणं होईल का तुमच्याने?"

"बघू. अजून ओढ्याला पाणी आहे, वन्सं."

"मागे राहायचं झालं तर आधी सांगा. म्हणजे वाईट वाटून घ्यायला आम्हाला वेळ मिळेल."

"सांगेन हं," काकू म्हणाली. कळपाची रीत तिला ठाऊक होती. ज्याला चालवत नाही, त्याच्यासाठी कळप थांबत नाही. ही रीत तिनेच आजवर पाळली होती आणि ती तेव्हा तिला फार शहाणपणाची वाटली होती.

दुसऱ्या दिवशी ती टेकडी चढून केंद्रात गेली. चढताना तिला अनेकदा थांबावं लागलं. वर पोचेपर्यंत ऊन कलायला आलं.

अजगरसाहेबांनी तिच्या गुडघ्याभोवती वेटोळं घातलं. सूज मोजायची त्यांची हीच पद्धत होती. मोजता मोजता ते मांडीच्या वर सरकू लागले. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या साळिंदरबाई मोठ्याने खाकरल्या. त्या केंद्रात सुया टोचायचं काम करत. अजगरसाहेब खाली आले.

"लिगामेंट तुटलंय," ते म्हणाले. "मांडीचं हाड आणि नळीचं हाड यांना धरून ठेवणारी दोरी असते, ती. आज ती तुटली. उद्या गुडघा डळमळेल, परवा गादी झिजेल, आणि मग तुम्हाला महाराजांसारखाच संधिवात होईल."

"मग काय करायचं, साहेब?"

"काय करायचं ते कळलं असतं तर केंद्र कशाला काढलं असतं?"

रुग्णांचे तीन गट होते. एका गटातल्या रुग्णांचा गुडघा उघडून डॉ. माकड आत वेलीची नवी दोरी बांधत. दुसऱ्या गटाला साळिंदरबाई औषधी रसाची सुई टोचत. तिसऱ्या गटालाही सुईच टोचत, पण तिच्यात ओढ्याचं पाणी असे. कुणाला रस आणि कुणाला पाणी, हे रुग्णांना सांगायचं नाही असा शास्त्राचा दंडक होता. तिन्ही गटांनी रोज वर येऊन गुडघा मोजून घ्यायचा आणि मोजून झाल्यावर खडकावर जरा पडायचं, कारण अजगरसाहेब एकेकाला फार सावकाश मोजत.

काकूला सुई मिळाली. ती कसली होती, हे तिने विचारलं नाही.

रोज सकाळी ती निघायची. तिच्याबरोबर कोंडिबा नावाचा म्हातारा रानडुक्कर असे. जन्मभर पुढचे पाय मुडपून कंद उकरल्यामुळे त्याच्या पायांची वाट लागली होती.

"काकू, तुमची सुई लागू पडतेय का?" तो धापा टाकत विचारायचा.

"सुईचं माहीत नाही. पण हा चढ जीव घेतो बघा."

"अहो, यांनी केंद्र खाली का नाही काढलं?"

"खाली खडक तापत नाही."

"मग आपण तापायचं, असं म्हणा की."

चढ खरंच जीव घ्यायचा. पाय थरथरायचा. कधी कधी काकूला वाटायचं, इथेच बसावं. मग तिला रखमाचा प्रश्न आठवायचा आणि ती आणखी थोडं चढायची.

हळूहळू ती कमी वेळा थांबू लागली. तिची मांडी घट्ट झाली. गुडघा निसटेनासा झाला. एक दिवस ती आणि कोंडिबा बोलत बोलत वर पोचले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की वाटेत आपण थांबलोच नाही.

फक्त तीच नव्हे, मुलांनो. सगळेच रुग्ण सुधारले. वेलवाले सुधारले, रसवाले सुधारले, आणि पाणीवालेही तेवढेच सुधारले.

केंद्रात सुतकी वातावरण पसरलं.

"सगळेच बरे झाले," अजगरसाहेब खिन्नपणे म्हणाले. "आता मी महाराजांना काय तोंड दाखवू? उपाय कोणता म्हणून सांगू?"

डॉ. माकडांनी कपाळाला हात लावला. त्यांनी बांधलेल्या वेलींचा हा अपमान होता.

काकू जवळच उभी होती. ती म्हणाली, "साहेब, एक सुचतंय. रोजच्या चढामुळे तर नसेल?"

"चढ?"

"पायाला काम मिळालं, तशी मांडीत ताकद आली. तुटलेल्या दोरीचं काम मांडीच करते, असं वाटतं."

"काकू, चढ हा उपचार नाही. चढ म्हणजे केंद्राकडे यायचा रस्ता," अजगरसाहेब समजुतीने म्हणाले. "शिवाय चढ सगळ्यांनीच चढलाय. न चढलेला एक तरी रुग्ण तुलनेला हवा. आहे का?"

तसा रुग्ण नव्हता.

अजगरसाहेबांनी डोळे मिटून विचार केला. विचार आणि झोप त्यांच्या बाबतीत सारखीच दिसायची. मग त्यांनी एकदम डोळे उघडले.

"तिन्ही गटांत समान गोष्ट कोणती? सगळे रोज या खडकावर पडून राहायचे. पडून राहणं! विश्रांती! अहो, पुरावा तर माझ्याच रूपाने समोर होता. मी जन्मभर पडून आहे. माझा एक तरी गुडघा कधी दुखला का?"

साळिंदरबाईंनी ते लगेच लिहून घेतलं.

निष्कर्ष जाहीर झाला. संपूर्ण विश्रांती. उठायचं नाही, चालायचं नाही, पायाला कसलाही ताण द्यायचा नाही.

वाघमहाराज खूश झाले. पण ते सावधही होते. उपचार सुरू करण्याआधी त्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णाची साक्ष मागितली. अंबूकाकूला खिंडीत बोलावणं आलं.

ती निघाली तेव्हा ओढ्याला घोटभर पाणी उरलं होतं. कळपाला आता खिंड ओलांडावीच लागणार होती. आणि काकू बरी झालेली असल्यामुळे नियमाप्रमाणे तिचं अभय संपलं होतं. ती एकटीच गेली. रखमा थोडं अंतर बरोबर आली आणि मग तिला काहीतरी काम आठवलं.

महाराज खिंडीच्या तोंडाशी बसले होते. जवळून ते बरेच म्हातारे दिसत होते.

"अजगर म्हणतो, पडून राहून तू बरी झालीस. खरं?"

काकू पेचात पडली. खरं सांगावं तर महाराज उद्यापासून टेकडी चढणार. महिन्याभरात त्यांचे पाय पोलादी होणार, आणि खिंडीतून तिचा कळप एकेक करून जाणार, तो महाराजांच्या पोटात. खोटं बोलावं तर आपला आवाज कापेल आणि महाराजांना कळेल. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. कळपात कधी गरजच पडली नव्हती.

"महाराज, मी रोज साहेबांच्या खडकावर पडून राहायचे," ती म्हणाली. "आणि आज तुमच्यासमोर चारी पायांवर उभी आहे."

"हं. पण तो डुक्कर चढाचं काहीतरी बडबडत होता."



"चढ ना?" ती म्हणाली. "त्या चढाने जीव नकोसा व्हायचा, महाराज. रोज वाटायचं, हा मेला चढ नसता तर किती बरं झालं असतं."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. महाराजांनी तिचे डोळे निरखले. तिथे त्यांना खरा थकवा दिसला.

"म्हणजे चढ असूनही तू बरी झालीस," ते म्हणाले. "वा! अजगर हुशार आहे."

"मी अडाणी बाई, महाराज. तुम्ही तज्ज्ञांचंच ऐका."

"आज तुला खाणार होतो," महाराज मोकळेपणाने म्हणाले. "पण उठावं लागेल. आणि उपचार आजपासूनच सुरू करतो."

महाराज आडवे झाले. त्यांनी पथ्य अगदी काटेकोर पाळलं. काही दिवसांतच त्यांचे गुडघे दुखायचे थांबले, कारण ते वापरातच नव्हते. अजगरसाहेबांचा मोठा सत्कार झाला. महाराजांच्या मांड्या वाळल्या, ही किरकोळ बाब म्हणून सोडून देण्यात आली. डॉ. माकड प्रगती मोजायला जरा जास्तच जवळ गेले. त्यांची जागा अजून रिकामी आहे.

ओढा आटला, तेव्हा भर दुपारी कळप खिंडीतून निघाला. रखमा म्हणाली, "वहिनी, तुम्हीच पुढे व्हा." तिचं वासरू काकूच्या पायात पायात करत चाललं होतं.

महाराज वाटेच्या कडेला पडले होते. कळप समोरून येऊ लागला. त्यांनी नुसती मान उचलली. काकू त्यांच्यापाशी आली तशी तिची पावलं आपोआप मंदावली. इतक्या मोठ्या जनावराचे पाय कोवळ्या फांद्यांसारखे झाले होते. तो चढ किती कठीण होता, हे तिला ठाऊक होतं. आणि खरा उपाय अजूनही एका वाक्यात सांगता आला असता.

"बाई," महाराज म्हणाले, "दुखत मुळीच नाही आता. फक्त उठायला जमत नाही. हे असंच असतं ना?"

काकूने वासराकडे पाहिलं. ते महाराजांच्या मिशा बघायला थांबलं होतं.

"साहेबांना विचारा, महाराज," ती म्हणाली, आणि वासराला पुढे ढकलत नदीच्या वाटेला लागली.

तात्पर्य : तज्ज्ञांचा सल्ला कधीही डावलू नये. निदान ज्यांना पाहून आपल्याला पळावं लागतं, त्यांनी तरी तो मुळीच डावलू नये.