कानतुटक्या कपाचा पंचनामा

"बंकटरावाला कोर्टात उभाच करतो का न्हाई बघ!" भारतनं बायकूला सांगितलं आन मिशीवर असा हात फिरवला, जसा निकालच खिशात हाय!

भारत नांदूरघाटला बंकटरावाच्या डेअरीवर कॅन धुयाचा. समद्यांचा च्या आत, टेबलावर. भारतचा कप भाईर, खिडकीत. त्याचा कानबी तुटलेला. पिऊन झालं की आपणच इसळायचा आन तिथंच पालथा घालायचा. कावून? तर भारत बौद्धवाड्यातला! वर्षानुवर्षं त्यानं गिळलं. मग एक दिवस चुकून आतल्या कपाला हात लागला. बंकटरावानं तो कप फोडला आन भारतला म्हनला, "उद्यापासून येऊ नगं." नोकरी गेली. आता केस तेवढी ऱ्हायली.

वकीलीणबाई धनश्रीताईंनी बजावलं, "भारतभाऊ, खिडकीतल्या कपाला हात लावू नका. पंचनामा होईपर्यंत आहे तिथंच राहू द्या."

भारतनं मान हलवली. पण डोकं लई चालायचं ना! बंकटरावानंच कप गायब केला तर? भर दुपारी डेअरी पेंगत असताना भारत गेला आन बाळंतिणीच्या लेकरावानी कप गमछ्यात गुंडाळून घरी घेऊन आला.

पोलीस आले. खिडकी रिकामी!

"कसला कप?" बंकटराव हसला. "आमच्यात तसलं काय न्हाई, साहेब."

"हाय की! माझ्या घरी हाय!" भारत गरजला.

साहेबानं कपाळ धरलं. "पुरावा उचलून घरी नेला बे तू?"

गावातल्या हरिओमला पंच म्हणून घेऊन समदी वरात भारतच्या घरी. पाव्हणे बघून भारतच्या बायकूनं, पंचशीलानं च्या टाकला. त्या घरात धड कानाचा कप एक न्हाई. समदे राखेनं घासलेले, चकचकीत, वळीनं मांडलेले!

"अगं, त्यातला डेअरीचा कोणता?"

"असंल ह्यातलाच. लई कळकटला होता, घासला. पाव्हण्यासमोर लाज न्हाई का?"

भारत एकेक कप उलटापालटा करून बघाया लागला. साहेबानं तवर एका कपातला च्या पिऊनबी टाकला. "च्या झकास! पण कप वळखावा कसा?"

पंचशीलानं हरिओमपुढं कप धरला. हरिओम दोन पावलं मागं सरला.

"नगं वैनी. उपास हाय."

"साहेब, हे लिवा! हेच लिवा!" भारत वरडला.

"काय लिवू? उपास? उपास करणं गुन्हा हाय व्हय बे?" साहेबानं लिहिलं, 'सदर कप ओळखता आला नाही.' हरिओमनं झोकात सही ठोकली.

साहेबाला पोचवून भारत टपरीपाशी आला, तर हरिओम गरम भजी हाणतोय!

"काय रं, सुटला व्हय उपास?"

"सुटला की!" हरिओमनं बोटं चाटली. "तुझ्या दारातून भाईर पडलो, आन सुटला!"