गणपतरावांचा पहिला टोला

गणपतरावांनी एक रुपया वाचवायचं ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

रुपयाही त्यांचा नव्हता, साहेबांचा होता. सदर भागातल्या ऑफिसातले त्यांचे साहेब दर रविवारी गोल्फ खेळत. क्लबात खेळायची वेळ आधी धरून ठेवावी लागे. खिडकीवर जाऊन धरली तर फुकट, फोनवरून धरली तर रुपया जास्त. साहेबांनी रुपया हातावर ठेवून सांगितलं, "रविवारी सकाळी सहाची वेळ. फोन करून टाका."

इकडे गणपतरावांच्या चांद्याच्या बदलीचा कागद साहेबांच्या सहीसाठी थांबला होता. त्यांच्या बायकोला, शामलाला, सक्करदऱ्याच्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. बदली झाली की ती नोकरी गेली.

"रुपया परत नेऊन दिला, तं साहेब म्हणतीन, असा माणूस सोडायचा नाही," गणपतराव बायकोला म्हणाले.

"सांगितलं तेवढंच करा नं जी. फोन करा."

"नुसतं बोलायचा रुपया? अन्याय आहे हा." (अन्याय एक रुपयाच्या आतला असला, की गणपतराव पेटून उठत.)

बहात्तर सालच्या मे महिन्यात, भर उन्हात सायकल मारत ते क्लबाच्या फाटकाशी पोचले आणि जागीच थिजले. एवढं हिरवं गवत त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या गल्लीत नळाला करंगळीएवढी धार यायची, आणि इथं गवत आंघोळ करून बसलं होतं. देवळात शिरावं तशा त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

खिडकीत वही घेऊन बसलेल्या क्लबाच्या कारकुनानं, दादाजींनी, नाव विचारलं. गणपतरावांनी ऐटीत स्वतःचं सांगितलं. दादाजींनी ते शाईनं लिहूनही टाकलं.

"वेळ साहेबाले पाहिजे, मले नाही."

"मंग फोन करायचा होता नं गा. खिडकीवर जो उभा, वेळ त्याची. दुसऱ्यासाठी धरायची तं फोन. रुपया त्याचाच आहे."

"खोडा नं मंग."

"खोडली तं वेळ गेली. मागं लोक उभे आहेत. साहेब खेळतीन तुमच्या संगं. पण पहिला टोला तुमचा."

रविवारी साहेबांनी वहीतलं नाव वाचलं, मग गणपतरावांकडे पाहिलं. त्यांनी काठी गणपतरावांच्या हातात दिली. समोरचं मैदान थेट आभाळाला जाऊन टेकलं होतं. गणपतरावांना आयुष्यात एकच खेळ येत होता, गिल्लीदांडू. त्यांनी काठीच्या टोकानं चेंडू अलगद वर उडवला आणि हवेतच सणसणीत हाणला.

चेंडू गेला. कडुलिंबावरून गेला, त्याच्यापलीकडच्या कडुलिंबावरूनही गेला आणि उजेडात विरघळला. गणपतराव तोंड उघडं टाकून बघत राहिले. आपल्या हातून काही एवढं उंच जाऊ शकतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. साहेबांनी टोपी काढली.

"हे नियमात बसत नाही," वही घेऊन बाजूला उभे असलेले दादाजी पुटपुटले.

"आभाळात बसतं," साहेब म्हणाले.

गणपतराव तरंगतच घरी आले. "साहेब भारावून गेले वं."

"मंग सही नाही केली नं?"

"केली. तिथंच. कागद खिशातच होता त्यांच्या."

"काहून?"

"त्यांचीही बदली चांद्यालेच झाली. तिथं खेळाले जोडीदार नाही म्हणे."

शामलानं तव्यावरची पोळी उलटली.

"लग्न झाल्यापासून साऱ्याच ठिकाणी हारून राहिले तुम्ही," ती शांतपणे म्हणाली. "आजच जिंकायचं काय अडलं होतं?"