पेठे सरांचा वाकडा बाण

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गाड्या कुठून आत घ्यायच्या हे दाखवणारा जमिनीवरचा बाण पेठे सरांनी स्वतः रंगवला होता, आणि तो वाकडा होता. चांगली कमान टाकून वळलेला. पाहुणा माणूस त्याच्या भरवशावर स्कूटर वळवायचा आणि थेट पाण्याच्या टाकीला जाऊन टेकायचा. सेक्रेटरी तक्रार घेऊन गेले, तेव्हा सर म्हणाले, "सरळ बाण नुसतं सांगतो की गाडी गेली. कशी गेली, ते वाकडा बाण सांगतो." सेक्रेटरी कॉमर्सचे होते. ते परत आले.

सर कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून सॉफ्टवेअरमध्ये शिरला आणि तिथून अमेरिकेत पोचला. सरांचे हुशार विद्यार्थीही त्याच वाटेने गेले. काळच तसा होता. खराडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि ज्याला त्याला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. "माझ्या हातचा एक तरी केमिस्ट टिकावा," एवढीच सरांची इच्छा होती, आणि ती ते सगळ्यांना, अगदी खालच्या इस्त्रीवाल्यालाही सांगत.

मी वर्ध्याहून बी.एस्सी.साठी मावशीकडे राहायला आलेली. मला केमिस्टच व्हायचं होतं, पण ऑरगॅनिकने दगा दिला. बाबांनी फोनवर सांगितलं, "पुन्हा नापास झाली त परत ये. इकडे कॉम्प्युटरचा क्लास लावून देतो." मावशीने मला धरून तिसऱ्या मजल्यावर सरांपुढे नेऊन उभं केलं.

"अभ्यास कसा करता?" सरांनी विचारलं.

"सगळ्या रिॲक्शन पाठ करते, सर."

"मग मंगलाष्टकं पाठ करा. निदान लग्नाचं जेवण तरी मिळेल."

सर विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करत, त्यामुळे अपमान जास्त दिवस टिकायचा. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जेवणाच्या टेबलावर माझी शिकवणी सुरू झाली.

सरांचा सगळा विषय एका प्रश्नात मावायचा: "इलेक्ट्रॉन कुणाकडे आहेत?" ज्याच्याकडे आहेत तिथून वाकडा बाण निघणार आणि ज्याला कमी आहेत तिथे पोचणार. सोसायटीत पाण्यावरून भांडण लागलं तरी सर मध्ये पडून हाच प्रश्न विचारत. लोक चक्रावून गप्प होत, भांडण मिटे, आणि सर ते केमिस्ट्रीच्या खात्यात जमा करत.

एकदा मला बसमध्ये घेऊन गेले. "ते पहा. हा उतारू उठतोय आणि त्याला ढकलतच तो दुसरा बसतोय. एकाच झटक्यात. ही एक तऱ्हा. आता त्या बाई पहा, आधी निवांत उठल्या. जागा क्षणभर रिकामी. आता तिच्यावर कुणीही झडप घालेल. ही दुसरी तऱ्हा." पुस्तकात रिॲक्शन घडायच्या ज्या दोन तऱ्हांनी माझा जीव खाल्ला होता, त्या मला डेक्कन येईपर्यंत कळल्या. सगळी बस आमच्याकडे बघत होती हा भाग वेगळा.

जो उठून जातो त्याला सर लीव्हिंग ग्रुप म्हणत. "सुटल्यावर जो एकटा नीट राहू शकतो, तो चांगला लीव्हिंग ग्रुप. जाताना बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन तोच घेऊन जातो. मागे उरलेल्यावर येतो धन प्रभार. आणि लक्षात ठेवा, केमिस्ट्रीत धन दिसलं की समजायचं, इथं काहीतरी कमी आहे. पुण्यात फ्लॅट घेतला की हे आपोआप समजतं."

मी पास झाले, आणि चांगल्या मार्कांनी. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बरं." एवढंच. खाली आले तर इस्त्रीवाला पेढे मागायला लागला. सरांनी सकाळीच कॉलेजात जाऊन निकाल पाहिला होता आणि येताना त्याला सांगून टाकलं होतं.

पुढे मी एम.एस्सी. केलं. पुण्यात सॉफ्टवेअरवाल्यांना ढिगाने नोकऱ्या होत्या. मला औषधांवरच्या संशोधनाची नोकरी मिळाली ती हैदराबादला. सरांच्या हातचा एकुलता एक केमिस्ट टिकला होता, आणि टिकण्यासाठीच पुणं सोडून चालला होता. हे मी त्यांना भीतभीत सांगितलं. सर म्हणाले, "उत्तम. टेबल मोकळं होईल."

निघायच्या दिवशी ते खाली आले. रिक्षा त्या वाकड्या बाणावरच उभी होती. मी वाकून नमस्कार केला, तर वरून तोंडी परीक्षा सुरू झाली.

"चांगला लीव्हिंग ग्रुप कोणता?"

"जो सुटल्यावर एकटा नीट राहतो, सर."

"मग नीट राहा. आणि मागे उरतो त्याच्यावर काय येतं?"

मला उत्तर येत होतं. पण मी रिक्षात बॅग सरकवायला लागले.

"धन," सरांनीच सांगितलं. "चांगला शब्द आहे. मराठीत उगाच नाही धन म्हणत." आणि वळून जिना चढायला लागले. 'नीट राहा' हे सरांनी घरच्या मुलीसारखं तू म्हणून म्हटलं की नेहमीसारखं तुम्ही म्हणून, हे शब्दावरून कळायला मार्ग नव्हता, आणि मी तेच घोकत बसले. रिक्षा चांदणी चौकाकडे जायची की स्टेशनकडे, हेही मला रिक्षावाल्याला धड सांगता आलं नाही.

आज माझ्या हाताखाली माणसं काम करतात आणि मी त्यांना विचारते, इलेक्ट्रॉन कुणाकडे आहेत? जे काही माझ्याकडे आहे ते कुठून निघालं, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याचे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडून मोकळं व्हावं असं मला वाटतही नाही.

हैदराबादला गेल्यावरच्या पहिल्याच दिवाळीला, वर्ध्याला जायच्या आधी मी पुण्यात उतरले आणि तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. सरांनी दार अर्धंच उघडलं.

"चांगला लीव्हिंग ग्रुप सहसा परत येत नाही, असं शिकवलं होतं मी तुम्हाला."

"हो सर. पण इथं धन दिसलं, म्हणून बाण इकडे वळला."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि ते दारातून बाजूला झाले.

"चपला बाहेर काढ," ते म्हणाले. "चहा टाकतो."