मंजूर भार

काटेकोररावांचं एक ठाम मत होतं: ज्याचं वजन करता येत नाही असं या जगात काहीही नाही! "माणूस खोटं बोलेल, घड्याळ खोटं बोलेल, पण नीट लावलेला काटा? छे!" असं ते गिऱ्हाइकाला सुनावायचे. गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं. न डोलवून सांगतंय कुणाला? त्याचा बिघडलेला तराजू यांच्या मांडीवर!

काटेकोरराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वजनकाटे दुरुस्त करण्याचा धंदा, आणि स्वभाव असा की भाजीवालीने हातावर ठेवलेला आल्याचा तुकडासुद्धा आधी तोलून बघणार. मग बाजार काय गप्प बसतो? नाव पडलं आणि चिकटलं.

पुढे दुकान, मागे घर. बायको दवाखान्यात परिचारिका, सकाळची पाळी. पोरंबाळं नाहीत. आणि नुकतीच राहायला आली होती थोरली बहीण, आक्का.

आक्का म्हणजे साधीसुधी बाई नव्हे बरं का! आई गेली तेव्हा काटेकोरराव एवढेसे होते. आक्कानेच त्यांना कडेवर वाढवलं. पुढे मुलींच्या वसतिगृहात रेक्टर झाली, लग्न केलंच नाही, आणि निवृत्त झाल्यावरही एका खोलीत एकटीच राहत होती. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. काटेकोरराव दर भेटीत विनवायचे, "आक्का, चल ना आमच्याकडे." आणि आक्काचं उत्तर ठरलेलं, "मी कुणावर भार होणार नाही!"

शेवटी गुडघ्यांनी हात टेकले, म्हणून आली. पण अट घालूनच आली. "हे बघ छोट्या, महिनाभर राहून बघते. पटलं तर कायमची. पण मी भार झालेय असं मला नुसतं वाटलं ना, की आल्या पावली परत!"

"अगं भार कसला, आक्का! काहीतरीच!" काटेकोरराव म्हणाले. त्यांना मनापासून वाटत होतं की आक्काने आता कुठेही जाऊ नये.

आणि नेमका त्याच आठवड्यात गल्लीत नवा मीटर आला.

आधी नाक्यावरचा जुना डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, गेला. त्याच्या जागी क्रेनने एक नवा कोरा आणून ठेवला. लोंबत्या तारा उतरल्या, जाडजूड केबल जमिनीत गेली. सगळी गल्ली कामधंदा सोडून बघत उभी! मग घरोघरी हेल्मेट घातलेली एक मुलगी फिरली. वीज कंपनीची इंजिनिअर. गल्लीने तिला लगेच मीटरताई करून टाकलं.

दुकानाच्या भिंतीवरचा जुना, चाक फिरणारा मीटर काढून तिने एक पांढरी डबी बसवली. काटेकोररावांनी नाक मुरडलं. "यात काटा कुठाय?"

"काटा लागतच नाही, काका. हा स्मार्ट मीटर. घरात किती भार आहे ते याला क्षणोक्षणी कळतं आणि हा स्वतःच ऑफिसला कळवतो."

"स्वतः?"

"स्वतः. तुमचा मंजूर भार दोन किलोचा आहे. त्याच्या वर गेलात की आधी मोबाइलवर मेसेज येईल, आणि तरी नाही ऐकलंत तर हाच लाइट बंद करेल. येऊ? अजून अख्खी ओळ बाकी आहे."

ताई गेली. काटेकोरराव मात्र खिळल्यासारखे उभे! जन्मभर भार, किलो, काटा यांतच वाढलेला माणूस. त्याच्या डोक्यात 'भार' या शब्दाचा दुसरा अर्थ शिरणार तरी कुठून? घरातला भार! क्षणोक्षणी! म्हणजे उभं घर एका पारड्यात! आणि हे सगळं काट्याशिवाय, वजनांशिवाय, साखळीशिवाय! त्यांनी डबीकडे निरखून पाहिलं. पडद्यावर आकडा, आणि पुढे के, डब्ल्यू.

"के म्हणजे किलो," ते पुटपुटले. "डब्ल्यू म्हणजे... वजन!"

अंगावर काटाच आला! आता दोन किलोत माणसं कशी बसणार, ही शंका त्यांना आली, नाही असं नाही. पण सोनाराचं माप वेगळं, वखारवाल्याचं वेगळं, तसा वीज कंपनीचाही किलो वेगळा असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्यांनी चपला काढल्या आणि डबीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पाळीवर गेली, काटेकोरराव दुकानात बसले, आणि मोबाइल वाजला. *आपल्या घरातील भार मंजूर मर्यादेपेक्षा जास्त झाला आहे. तो त्वरित कमी करावा, अन्यथा पुरवठा खंडित होईल.*

काटेकोररावांच्या हातातला पाना खाली पडला. भार जास्त? घरात तर दोघंच! ते इकडे, आणि आत... आक्का!

आणि फटदिशी लाइट गेली.

"छोट्या, लाइट गेली रे!" आतून आक्काचा आवाज आला.

"हो गं! तू जरा बाहेर येतेस? ओट्यावर छान ऊन आलंय!"

आक्का गुडघे सांभाळत बाहेर आली आणि ओट्यावर टेकली. थोड्या वेळाने लाइट आली, आणि काटेकोरराव आकडा बघतात तो काय, पार तळाला! पण काटा एकदा लावून भागत नाही, पुन्हा तोलून बघावा लागतो. "आक्का, आता जा आत!" आक्का आत गेली. आकडा हळूहळू चढला! "आक्का, ये गं बाहेर, ऊन सरलं नाही अजून!" आक्का आली. आकडा झपकन उतरला!

"धन्य आहे रे बाबा तुझी!" काटेकोरराव डबीला म्हणाले. आजवर त्यांनी किती काटे उघडले असतील, पण भिंतीपलीकडचं माणूस तोलणारा काटा त्यांनी स्वप्नातही पाहिला नव्हता.

आता आक्का आत असताना नेमकं काय चाललं होतं ते बघायला हे कधी आत गेलेच नाहीत. आणि आक्काची वसतिगृहातली सवय अशी, की खोली सोडायची तर आधी सगळी बटणं बंद! पण हे यांना दिसणार कसं? यांचे डोळे डबीला चिकटलेले!

त्या दिवसापासून आक्काची ओट्यावर रवानगी सुरू झाली. आकडा दोनच्या जवळ गेला की हाक आलीच. "आक्का, बघ कबुतर बसलंय!" "आक्का, पेपरवाला येतोय का बघ!" "आक्का, वारा काय सुटलाय!" पेपरवाला पहाटेच येऊन गेलेला असायचा आणि पानसुद्धा हलत नसायचं. आक्का बाहेर येऊन बसायची, आणि हातातलं काम अर्धवट राहिलं म्हणून चुळबुळत राहायची. समोरचा शिंपी कात्री हातात घेऊन हे सगळं बघत होता. काटेकोररावांनी त्याला गुपित सांगितलं. संध्याकाळपर्यंत शिंप्याने आपल्या सासूबाईंना माहेरच्या लग्नाला लवकर जायचा आग्रह करून टाकला होता!

सुटीच्या दिवशी बायको घरी होती. काटेकोररावांनी तिला दुकानात ओढलं.

"अहो, भिंतीवरची डबी कशी माणसं मोजेल? डोकं फिरलंय का तुमचं?"

"तू बघ तरी!" त्यांनी आक्काला आत-बाहेर, आत-बाहेर करून दाखवलं.

"अगंबाई!" बायकोने गालावर हात ठेवला. मग ती गुपचूप स्वतः आत जाऊन आली. आकडा ढिम्म! बायको लाजली. "इश्श, म्हणजे माझं वजन भरतच नाही?"

"हुरळून जाऊ नकोस! मी गेलो तरी हलत नाही. म्हणून तर मी थक्क झालोय! अगं, आपण तेल मोजताना आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो ना? भांड्याचं वजन आधीच वळतं करून ठेवतो. तसा यांनी घरच्या माणसांचा धडा करून ठेवलाय. तुझं-माझं वजन आधीच वळतं. तो फक्त वरचं मोजतो. आक्का आली की भार वाढतो, गेली की कमी!"

काहीतरी धप्पकन पडलं. दोघांनी वळून पाहिलं. दारात आक्का उभी होती. पायाशी घड्या घातलेल्या शर्टांची चळत.

"बरं झालं, कळलं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. त्या आवाजात ती कधी बोललीच नव्हती. "म्हणून ऊन खायला पाठवत होतास होय मला?"

"आक्का, तसं नाही गं..."

"वरची आहे मी. काट्यालासुद्धा कळलं."

ती आत गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. आकडा जागचा हलला नाही, आणि काटेकोररावही. बायकोने कपाळावर हात मारला. "वन्सं, थांबा हो! अहो, तुम्ही काय पुतळ्यासारखे उभे आहात? जा ना आत!"

काटेकोरराव धावले. पण आक्का ऐकते थोडीच! बॅग घेऊन ती ओट्यावर येऊन बसली, रिक्षाची वाट बघत. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हेल्मेट दिसलं.

"काका, तुमचा लोड सारखा वर जातोय. म्हटलं बघून यावं," मीटरताई म्हणाली.

"आम्ही कळवलं नव्हतं!"

"मीटरने कळवलं."

दुसरी वेळ असती तर काटेकोररावांनी पुन्हा हात जोडले असते. आज मात्र ते भडकले. जन्मात पहिल्यांदा ते एका काट्यावर भडकले!

"कळवू दे! तुमचा मीटर हुशार असेल, त्याला सगळं कळत असेल, पण त्याला नाती कळत नाहीत! या बाईने मला कडेवर वाढवलंय. तिने मोजला होता का माझा भार? मग आता हा डबडा तिचा मोजणार? तोडा लाइट! आत्ता तोडा! कंदील लावून राहीन, पण आक्का या घरातून जाणार नाही!"

शिंप्याचं मशीन थांबलं. आक्काने पदर डोळ्यांना लावला. मीटरताई आळीपाळीने सगळ्यांकडे बघत राहिली.

"काका," ती जपून म्हणाली, "यांचा भार कशाला मोजेल तो?"

"का? घरातला भार म्हणजे माणसांचं वजनच ना? के डब्ल्यू! किलो वजन!"

ताईने हेल्मेट काढलं. ओठ घट्ट मिटले. तरी हसू नाकातून फुटलंच! "अहो, विजेचा भार! किलोवॅट! एका वेळी किती उपकरणं चालू आहेत, त्याचा!"

काटेकोररावांनी एकदा डबीकडे पाहिलं, एकदा आक्काकडे.

"पण... आक्का आत गेली की वाढतो," काटेकोरराव चाचरले.

"थांबा, दाखवते." ताईने टॅबवर एक वेडीवाकडी रेघ उघडली, टेकड्यांसारखी. "ही तुमच्या घरची रोजची सकाळ. ही पहिली टेकडी गीझरची."

"हा आंघोळीला वेळ करतो," आक्का खालमानेने म्हणाली. "पाणी निवायला नको, म्हणून लावून ठेवते."

"हे कपड्यांचं मशीन."

"भावजय दमून येते दवाखान्यातून."

"हा मिक्सर. आणि या सगळ्यांवर चढलेली ही सगळ्यात उंच, ही बहुतेक इस्त्री. फार जुनी असणार."

"वसतिगृहातली आहे. याचे शर्ट करते." आक्काला आता चोरी पकडल्यासारखं झालं होतं. "सगळं एकदम लावते, म्हणजे जेवायच्या आत उरकतं. फुकट कशाला बसून राहायचं? माझा कुणाला भार व्हायला नको, म्हणून..."

काटेकोररावांनी अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. कडक, परीटघडीचा. हल्ली आपले शर्ट असे कसे दिसतात, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता! त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. गरम पाणी, धुतलेले कपडे, वाटण, इस्त्री. काहीही बोलून न दाखवता आक्का जे करत होती, ते भिंतीवरच्या एवढ्याशा डबीने तोलून ठेवलं होतं. शेजारी बसून त्यांना मात्र ते दिसलं नव्हतं.

"काटा बरोबर होता," ते म्हणाले. "आम्हीच उलटं वाचलं."

बायकोने आक्काच्या हातातली बॅग काढून घेतली. आक्काने ती सोडली. पण मान अजून फिरवलेलीच.

"मग आता काय करायचं?" ताईने विचारलं. "एक तर इस्त्री आणि गीझर एकदम लावू नका. नाहीतर मंजूर भार वाढवून घ्या. मी इथूनच अर्ज टाकते. नव्या डीपीमुळे आता कितीही देता येतो. तात्पुरता वाढवू की कायमचा?"

काटेकोररावांनी आक्काकडे पाहिलं. बायकोने पाहिलं. शिंप्यानेही पाहिलं. रिक्षावालाही येऊन थांबला होता, त्यानेही पाहिलं.

आक्काने पदराने नाक पुसलं. "कायमचा," ती म्हणाली. आणि तिचा मूळचा आवाज परत आला. "रिक्षा नको रे! जा!"

दोनच दिवसांत मेसेज आला: *आपल्या घरातील वाढीव भारास मंजुरी देण्यात आली आहे.* आक्काने भावाचा मोबाइल हिसकावला, ओट्यावर उभी राहिली आणि अख्ख्या गल्लीला मोठ्याने वाचून दाखवला.

"ऐकलंत का सगळ्यांनी? भार आहे, पण मंजूर आहे!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. शिंपी तेवढा वाजवू शकला नाही. तो सासूबाईंना परत आणायला गेला होता. आणि काटेकोरराव? ते आत इस्त्री करत होते. मंजूर भाराचा तसा हुकूमच होता!