चांदणीचा चारा

आमच्या मागच्या गल्लीतले हमीदचाचा गवत खातात. उगाच काहीतरी सांगते असं वाटेल, पण अख्ख्या कॉलनीने पाहिलंय. सकाळी पेंढी सोडली की चार काड्या तोंडात टाकायच्या, डोळे मिटून सावकाश चावायच्या, थुंकायच्या आणि मग निकाल द्यायचा. "याला दवा मारलीय. जिभेला चुरचुरतंय. वापस!" घोडीच्या पुढ्यात जाणारी वस्तू आधी चाचांच्या तोंडात जाणार, हा त्यांच्या घरचा कायदा.

घोडी म्हणजे चांदणी. पांढरीशुभ्र. एके काळी गोदाघाटावर यात्रेकरूंचा टांगा ओढायची. टांगे बंद पडले तशी वरातीत नवरदेव मिरवू लागली. सोबतीला दोन शेळ्या. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्यांच्या पत्र्याच्या शेडवर उघडते. सातपूरच्या कंपनीत दिवसभर कारकुनी करून घरी यावं आणि खिडकीतून लिदीचा वास यावा! डोकं फिरणार नाही तर काय? राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी भांडायला गेले. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिजवलेला कोंडा ओंजळीत धरून माझ्यापुढे केला.

"पहले चखो, फिर बोलो."

माझ्या तक्रारीचा आणि कोंड्याचा काय संबंध, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण चाचांचं सगळ्याच गोष्टींवर हेच उत्तर असायचं.

चारा हा त्यांचा जन्माचा घोर. कडबा आता मिळतो कुठे? ज्वारी पेरतंय कोण? जिकडे बघावं तिकडे द्राक्षं, मका, नाहीतर कांदा. म्हणून चाचा सायकलवर पोतं टाकून हिंडायचे. उसाचं वाढं, लसूणघास, मटारची सालं, गाजराचा पाला, मिळेल ते आणायचे आणि चाखून वाटण्या करायचे. सुबाभळीचा पाला फक्त शेळ्यांना. घोडीने खाल्ला तर शेपटीचे केस झडतात म्हणे. "नवरदेवाला टकली घोडी चालंल का, बोल?" एकदा देवळ्याहून त्यांचे व्याही मोठ्या प्रेमाने कांद्याच्या पातीचं पोतं घेऊन आले. चाचांनी ते दारातूनच परत फिरवलं. "याने घोडीचं रक्त खराब होतं. व्याही असाल तुमच्या घरी!" व्याही चहासुद्धा न घेता गेले. लेकीने फोनवर आठवडाभर अबोला धरला, तरी चाचांना त्याचं काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र चाचांचा चेहरा उतरला. चांदणीच्या तोंडातून कडब्याचे ओले गोळे खाली पडू लागले. चघळायची, चघळायची आणि टाकून द्यायची. डॉक्टर म्हणाले, दाढा झिजल्यात, वाळला चारा आता विसरा. महिनाभरात बरगड्या मोजता येतील अशी झाली. गल्लीतले शहाणे सांगायला लागले, "देऊन टाका चाचा, आता काय कामाची ती?" चाचांनी त्या सगळ्यांशी बोलणं टाकलं.

एका रविवारी मी खिडकीतून पाहते तर चाचा पायरीवर बसलेले. शेजारी पाण्याच्या पेल्यात त्यांची कवळी. समोर पाच वाट्या. बोळक्या तोंडाने एकेका वाटीतला चारा हिरड्यांवर घोळवून बघत होते. एक घशात अडकलं, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा दुसरी वाटी. मला आधी फस्सकन हसू आलं. मग काय झालं कुणास ठाऊक, खिडकी लावून घेतली आणि चक्क रडले.

असं पंधरा दिवस चाललं. शेवटी ट्रेमध्ये उगवलेले मक्याचे कोंब, अगदी बारीक कापलेला लसूणघास आणि कोंडा, सगळं कोमट पाण्यात भिजवून वर चिमूटभर मीठ, असा मेळ बसला. "जमलं, बेटी! माझ्या हिरड्यांना होतंय म्हणजे तिलाबी होणार!" आणि खरंच, चांदणी खायला लागली.

पुढे चाचांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. साखर वाढलेली, म्हणून दवाखान्यात तीन दिवस राहायला सांगितलं. चाचा जाईनात. "मी बघते चांदणीला," असा मी शब्द दिला, तेव्हा कुठे रिक्षात बसले.

मी सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. पाणी कोमट, मीठ चिमूटभर. शेळ्यांनी आपलं फस्त केलं. चांदणीने घमेल्याकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. आधीच हाडांचा सापळा, त्यात दीड दिवस उपाशी. माझ्या हातून गेली तर या माणसाला तोंड काय दाखवू? दुपारी मी अर्धी रजा टाकून, डबा तसाच घेऊन शेडवर आले आणि चाचांना फोन लावून ती खात नसल्याचं सांगितलं.

"बाजूला उभी राहिली होतीस?"

"हो, उभीच होते की!"

"उभं नाय राहायचं, बेटी. बसायचं. आपलं जेवण घेऊन बसायचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझी बीवी सकीना गेली ना, तवापासून घरात एकट्याच्या घशाखाली घास उतरत नाय. दोन वरसं झाली, मी ताट घेऊन हिच्यापाशीच बसतो. तिलाबी तीच सवय लागली."

दोन वर्षं! माझ्या खिडकीखाली हा माणूस घोडीसोबत जेवत होता आणि मी वासाला वैतागून खिडकी लावून घेत होते. लाज वाटली मला.

बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि डबा उघडला. पोळीभाजी. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. चांदणीने कान हलवले, माझ्याकडे बघितलं आणि घमेल्यात तोंड घातलं.

"खातेय, चाचा! खातेय!"

पलीकडे फोन खट्कन खाली ठेवला गेला. थोड्या वेळाने नर्सचा आवाज आला. "ताई, काय सांगितलंत आजोबांना? काल आल्यापासून अन्नाला शिवले नव्हते, भूकच नाही म्हणत होते. आत्ता स्वतःहून खिचडी मागितली. आणि फोन बंद करू नका म्हणतायत."

मी फोन घमेल्याला टेकवून ठेवला. पलीकडे चमचा ताटलीवर वाजत होता, इकडे चांदणी फुरफुरत खात होती. माझी पोळी गार झाली होती, पण मी हळूहळू खाल्ली, दोघांचं होईपर्यंत.